शंभरचं टाक

जामनेरच्या पेट्रोल पंपावर सकाळी दहा मिनिटं उभं राहा. ‘लिटर’ हा शब्द क्वचितच कानावर पडेल. ‘शंभरचं टाक’, ‘दोनशेचं कर’, कुणी खिसा चाचपून हळूच ‘पन्नासचंच’. किराणा दुकानात आपण किलोने मागतो आणि पैसे किती झाले ते विचारतो. इथे पैसे आधी ठरतात, माल किती येईल ते यंत्र सांगतं.

16 जून 2017 पासून पेट्रोलचा भाव रोज ठरू लागला. पण शंभरचं टाकणाऱ्याला भाव वाढल्याचं कळतं ते काटा लवकर खाली आला की. 80 रुपयांच्या भावात शंभरात सव्वा लिटर यायचं, 105 च्या भावात लिटरही भरत नाही. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीचे पंधरा किलोमीटर गेले. खर्च तेवढाच राहिला, फेरी कमी झाली. महिन्याच्या हिशेबात महागाई दिसतच नाही. दिसते ती लांबणीवर पडलेल्या दवाखान्यात किंवा न झालेल्या माहेरच्या फेरीत.

सरकारी हिशेबातही पेट्रोल असंच हरवतं. घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत स्वयंपाकाचं जळण आणि वीज ‘इंधन व प्रकाश’ या सदरात येते. गाडीतलं पेट्रोल मात्र बस-रेल्वेच्या तिकिटांसोबत ‘प्रवास’ या सदरात. 2022-23 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारताच्या घरखर्चात पहिल्याचा वाटा 6.66 टक्के, दुसऱ्याचा 7.55. धान्याचा? 4.91. 1999-2000 मध्ये हेच धान्य 22 टक्क्यांच्या वर होतं. पोटाचा भार हलका झाला यात आनंदच आहे, रेशनच्या धान्याचाही त्यात हात आहे. पण ज्वारीच्या मुलखात धान्यापेक्षा ये-जा महाग पडावी, हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

ही ये-जा सगळी हौसेची नाही. पाचोरा-जामनेर ही 56 किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, आमची ‘पीजे’, मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ती रमतगमत यायची. वेगाच्या नावाने सगळे हसायचे. पण तिच्या किरकोळ तिकिटात म्हातारी माणसं, पोरं, भाजीच्या टोपल्या सगळं जायचं. आता रुंद रुळांची गाडी यायची आहे. ती येईपर्यंत त्या तिकिटाचं पेट्रोल झालं. एसटीची वेळ जमली नाही की घरात दुसरी दुचाकी येते, तिला आपण प्रगती म्हणतो. थोडी आहेही.

गॅसची तऱ्हा उलटी. तिथे ‘शंभरचा दे’ म्हणता येत नाही. 14.2 किलोची टाकी एकदम घ्यायची, मजुरीचे पैसे मात्र आठवड्याला येणार. 2016 च्या उज्ज्वला योजनेने शेगडी घरात आणली, पुढे अनुदान आलं, राज्याने वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची योजना काढली. तरी टाकी संपल्यापासून पुढची येईपर्यंतचे दिवस कुणाच्या योजनेत बसत नाहीत. ते दिवस चूल सांभाळते. कापसाची वेचणी संपली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात, ते जळण बिलाशिवाय घरी येतं. ‘बिलाशिवाय’ म्हणताना पऱ्हाट्या उपटणारी, मोळी वाहणारी आणि धुरात डोळे चोळणारी बाई मी हिशेबातून वगळली, हे मलाही कळतं. खरं तर चूल गॅस आल्यावरही जाणार नाही. भरिताचं वांगं पऱ्हाट्यांवरच भाजायचं आणि खापरावरची पुरणपोळी चुलीवरच, यावर खानदेशात मतभेद नाहीत. पण चवीसाठी पेटवलेली चूल वेगळी आणि टाकी परवडत नाही म्हणून पेटवलेली वेगळी. बाहेरून धूर सारखाच दिसतो.

विजेचं तिसरंच. ती आधी वापरायची आणि मग घाबरायचं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की कूलर रात्रभर चालतो, बिल जूनमध्ये येतं, नेमकं बियाणं घ्यायच्या वेळेला. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्याच जिल्ह्यात धूर सोडतात, त्याची सूट बिलात नसते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने 2024 पासून वीज मोफत केली. पाळी रात्रीची असली की मात्र ती फुकटची वीज घ्यायला शेतकरी मोटारसायकलवर शेतात जातो. पंपाचा खर्च शून्य, पंपापर्यंतचा खर्च शंभर.

आठवडे बाजारात वांग्याला दिलेले शंभर रुपये संध्याकाळपर्यंत गावातच फिरतात: भाजीवालीकडून चहावाल्याकडे, तिथून दूधवाल्याकडे. पेट्रोलचे शंभर पंपमालकाचं कमिशन आणि पोरांचे पगार मागे ठेवून निघून जातात. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांची मोठी आगारं आहेत. पैशाची वाट त्याही पुढची, काही आखाती देशांकडे, काही केंद्राच्या अबकारीत, काही राज्याच्या व्हॅटमध्ये. त्यातले थोडे अनुदान होऊन परत येतात, हेही खरं. तेव्हा गावात सभा होते, फलक लागतात. जाताना असं काहीच होत नाही.

परवा पंपावर माझ्या पुढे एक काका होते. मागे बसलेल्या नातवाच्या गुडघ्यावर दप्तर. पंपावरच्या पोराने विचारलं, “कितीचं, काका?” काकांनी वळून नातवाकडे पाहिलं. “शाळा सुटल्यावर क्लास आहे का रे आज?”

“आहे.”

“मग दीडशेचं टाक.”