पाहणारा, दाखवणारा आणि तिसरा माणूस

इंटरनेटवर सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेल्या साइट्सची यादी केली, तर ‘रॉटन डॉट कॉम’ तिच्यात बरीच वर असेल. थॉमस डेल नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती १९९६ साली सुरू केली. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन यांचे फोटो आणि खाली एखादी थंड, खवचट ओळ, असा सगळा मामला. १९९७ मध्ये राजकन्या डायना गेली, तेव्हा तिच्या मृतदेहाचा म्हणून एक फोटो या साइटवर झळकला. तो खोटा होता, पण त्याने रॉटनचं नाव जगभर नेलं.

आता वाटेल, असल्या साइटवर तत्त्वचिंतन कसलं करायचं? पण रॉटनकडे स्वतःची बाजू होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. १९९६ मध्येच अमेरिकेत इंटरनेटवरच्या ‘असभ्य’ मजकुराला चाप लावणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं रद्द केली. रॉटनचं म्हणणं साधारण असं होतं: आम्हाला बंद करायचं तर मग वैद्यकाची पुस्तकं, कोर्टातले पुरावे, म्युझियमं, सगळंच बंद करावं लागेल. शिवाय इथे यायची सक्ती कुणावर आहे? पत्ता तुम्हीच टाइप केलात ना? मग पाहवत नसेल तर बंद करा.

हा शेवटचा मुद्दा मला बराच काळ बिनतोड वाटायचा. पाहणारा सज्ञान आहे, स्वतःहून आलाय, मग तक्रार कसली?

त्याच काळातली दुसरी एक कुप्रसिद्ध साइट या मुद्द्याची उलटी बाजू दाखवते. १९९९ ची ‘गोटसी’. तिच्यावर एका माणसाचा अत्यंत किळसवाणा अश्लील फोटो होता, आणि तिथे सहसा कुणी स्वतःहून जात नसे. साध्या लिंकमागे तो पत्ता लपवून लोकांना फसवून तिथे नेलं जाई. ‘स्लॅशडॉट’ या तंत्रज्ञानाच्या साइटवर हा खेळ इतका बोकाळला, की त्यांनी प्रत्येक लिंकशेजारी तिचं डोमेन दाखवायला सुरुवात केली. मला ही दुरुस्ती फार आवडते. कुणावर बंदी नाही, उपदेश नाही. दार उघडण्याआधी आत काय आहे ते कळलं पाहिजे, एवढंच. पुढे २००४ मध्ये ख्रिसमस आयलंड या चिमुकल्या बेटाच्या डोमेन-व्यवस्थेने तिथल्या एका रहिवाशाच्या तक्रारीवरून तो पत्ताच काढून घेतला.

म्हणजे रॉटन पाहणाऱ्याची संमती मानत होती आणि गोटसी ती मोडत होती. एवढ्यावर हिशेब पूर्ण होतो का? नाही. फोटोत एक तिसरा माणूस आहे, आणि त्याला कुणीच काही विचारलेलं नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिओन्टिअस नावाच्या माणसाची गोष्ट येते. अथेन्सच्या तटाबाहेरून येताना त्याला जल्लादाजवळ पडलेली प्रेतं दिसतात. पाहावंसंही वाटतं आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो. शेवटी हरतो, डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या घालतो. मनात वासना आणि संताप वेगवेगळे असतात, हे सांगायला प्लेटोने ही गोष्ट वापरली. गोष्ट मोठी खरी आहे, पण तीही फक्त पाहणाऱ्याची आहे. ती प्रेतं कुणाची होती, याची चौकशी तिथेही होत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावाजवळ हायवेवर माझा शाळेतला एक मित्र अपघातात गेला. त्याच्या बहिणीला ते कुणी फोन करून सांगितलं नाही. कुठल्याशा ग्रुपवर फॉरवर्ड होत आलेल्या फोटोत तिने त्याचा शर्ट ओळखला. फोटोखाली ‘गाडी सावकाश चालवा’ असं लिहून हात जोडलेले दोन इमोजी टाकले होते. पाठवणारे सगळे सज्जन होते. रॉटनचं नावही त्यांनी ऐकलं नसेल.

मग भयंकर काही दाखवूच नये का? तसंही नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा वंशद्वेषातून खून झाला. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवायचा आग्रह धरला. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने पाहावं, अशी तिची इच्छा होती. ‘जेट’ मासिकाने तो चेहरा छापला आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून मोठं बळ मिळालं. तो फोटो रॉटनवरच्या कुठल्याही फोटोइतकाच भीषण होता. फरक असा, की त्या चेहऱ्याला नाव होतं, त्याच्यामागे न्यायाची मागणी होती आणि दाखवण्याचा निर्णय त्याच्या आईचा होता.

अर्थात प्रत्येक वेळी आईला विचारता येत नाही. युद्धात, दंगलीत विचारायला कुणी उरतही नाही, आणि पुरावा तर जगापुढे यावाच लागतो. तिथे निदान एवढं तरी तपासता येतं: हे चित्र पाहून त्या माणसाबद्दल काही कळतं, की त्याचं फक्त मांस उरतं?

रॉटन २०१७ मध्ये कायमची बंद पडली. पण तोवर तिची गरजच संपली होती. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या हल्ल्याचं थेट प्रक्षेपण झालं. पहिल्या २४ तासांत आपण त्याचे १५ लाख व्हिडिओ काढून टाकले किंवा अडवले, असं फेसबुकने सांगितलं. हे काढण्याचं काम करणारी माणसंही पाहणारीच असतात. त्या कामाने मानसिक आजार जडल्याची तक्रार अमेरिकेतल्या मॉडरेटर्सनी कोर्टात नेली आणि २०२० मध्ये फेसबुकने ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. रॉटनच्या काळात निदान पत्ता टाइप करावा लागे. आता अंगठा थांबला की व्हिडिओ आपोआप सुरू होतो. पाहणाऱ्याला विचारलं जात नाही आणि तिसऱ्याला तर कधीच विचारलं जात नव्हतं.

मी कोड लिहितो, म्हणून मला माहीत आहे, की ऑटोप्ले चालू ठेवायचा की बंद, ही बहुतेक वेळा सेटिंगमधली एक ओळ असते. ती कुणीतरी माणूसच लिहितो. तशीच एक ओळ आपल्या प्रत्येकाच्या अंगठ्यापाशीही आहे. फॉरवर्ड करण्याआधी ‘मला हे पाहवतं का’ असा प्रश्न पुरेसा नाही. हे त्याच्या बहिणीपर्यंत पोचलं तर चालेल का, तेही विचारायला हवं.