आधी उलटा फिरवा

सावकाश बसा. पाठ ताठ, खांदे सैल. तळवे मांडीवर उताणे ठेवा. एक श्वास घ्या, सोडा. कुठेही पोचायची घाई नाही.

आता डोळ्यांसमोर एक गॅरेज आणा. इंग्लंडमधलं, जेमतेम एका गाडीपुरतं. साल १९६२, थंडीची रात्र, वर एकच दिवा. लाकडी ठोकळ्यांवर लोटस सेव्हन या गाडीचा सांगाडा ठेवला आहे: पोलादी नळ्या आणि त्यांवर बसवलेले अॅल्युमिनियमचे पत्रे. भिंतीशी सुट्या भागांची खोकी.

लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ही गाडी १९५७ मध्ये आणली. तयार गाडीवर खरेदी-कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून साध्या मिळकतीची माणसं ती सुटी आणून घरी जोडत. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या, तर करातली सवलत जाई. मग गाडी सुटी कशी करायची, याचा कागद मिळे आणि तो शेवटाकडून वाचायचा, असं सांगतात.

या गोष्टीपाशी थोडं थांबा. पूर्ण गाडी मनात धरायची आणि तिथून एकेक पाऊल मागे येत आपल्या हातातल्या पहिल्या नटापर्यंत पोचायचं.

तो नट आता तुमच्या तळहातावर आहे. ब्रेकच्या नळीच्या टोकाचा, छोटा, पोकळ, थंडगार. चिमटीत धरा. नळी जिथे जोडायची, त्या भोकाच्या तोंडाशी टेकवा. पाना बाजूला राहू दे.

आधी उलटा फिरवा. हळू. अजून थोडा. एक बारीकशी ‘टक’ बोटांना जाणवेल. आट्यात आटा बसला. आता सुलटा फिरवा. बोटांनीच तो आत जाईल, जोर न लावता.

ही ‘टक’ न ऐकता पाना लावला, तर तिरका धरलेला नटही दोन फेरे फिरतो. काम झालं असं वाटतं. मग तो अडतो, आपण आणखी जोर लावतो, आणि आटे जातात. ब्रेकच्या नळीचे आटे.

श्वास घ्या. सोडा. स्वतःला विचारा: माझ्या कोणत्या कामात, कोणत्या नात्यात मी सुरुवातीलाच पाना लावला? जे अडलं, ते खरंच घट्ट होतं, की तिरकं धरलं गेलं होतं? उत्तर शोधू नका. प्रश्न तळहातावर राहू द्या.

पुन्हा गॅरेजमध्ये या. नळ्या बसल्या, तेल भरलं. घरचं कुणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबतंय. तुम्ही चाकाशी उकिडवे. पारदर्शक नळीचं टोक बरणीतल्या तेलात बुडालंय, तिथून बुडबुडे येतायत. दाबा. थांबा. सोडा. पुन्हा दाबा. हवा उरली, तर ब्रेक पायाखाली मऊ लागतो. म्हणून शेवटचा बारीक बुडबुडा येईपर्यंत दोघंही थांबता.

रस्त्यावर हे कुणाला दिसणार नाही. दिसेल लांब नाक आणि उघडी चाकं. पण उतारावर पाय ब्रेकवर जाईल, तेव्हा त्या रात्रीचा तुमचा धीरच गाडी थांबवील.

आता चिमूट सैल करा. हातातला नट खाली ठेवा. उद्याच्या पहिल्या कामाला हात घालाल, तेव्हा अर्धा फेरा मागे या. ‘टक’ जाणवेपर्यंत.