पायरी सुटण्याआधी



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६२ आणि ६३ या श्लोकांवर. माणूस कसा घसरतो, हे भगवंत पायरी-पायरीने सांगतात. आधी विषयांचं चिंतन. त्यातून आसक्ती, मग कामना, क्रोध, मोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश.

नीट बघा, यात बाहेरून ढकलणारं कोणीच नाही. एक पायरीच पुढच्या पायरीला जन्म देते. पहिल्या पायरीवर मन वळवता येतं. बुद्धीच गेली, तर वळवणार कोण?

सृष्टीतही अशीच घसरण असते. शास्त्रज्ञ त्या वळणाला ‘टिपिंग पॉइंट’ म्हणतात. ग्रीनलंडचंच बघा ना. तिथला बर्फाचा थर काही ठिकाणी ३ किलोमीटरहून जाड आहे. माथा इतका उंच, म्हणून तिथली हवा थंड आणि बर्फ टिकून. पण बर्फ वितळला की माथा खाली येतो. खाली हवा जास्त उबदार, म्हणून आणखी बर्फ वितळतो आणि माथा आणखी खाली येतो. एका मर्यादेनंतर पृथ्वीचं तापमान वाढायचं थांबलं, तरी हे वितळणं थांबत नाही. सगळा बर्फ जायला कित्येक शतकं लागतील, पण गेला तर जगभरातला समुद्र सरासरी सुमारे ७ मीटरने वर येईल. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायचा प्रयत्न करू असं देशांनी ठरवलं. २०२४ हे एक वर्ष त्या आकड्याच्याही वर गेलं.

आणि आपण? उन्हाळाभर हाय-हाय करतो, पहिला पाऊस पडला की सगळं विसरतो. स्मृतिभ्रंश म्हणतात तो हाच!

‘कलियुग आहे, व्हायचं ते होणारच’ असं म्हणणं म्हणजे भक्ती नव्हे. अर्जुनही धनुष्य टाकून खाली बसला होता. देवाने त्याला बसू दिलं नाही. आणि या दोन श्लोकांनंतर लगेच ६४ व्या श्लोकात वाटही दाखवली: इंद्रियं ताब्यात ठेवून जगात वावरणाऱ्याला प्रसन्नता लाभते. जग सोडा असं देव म्हणत नाही, लगाम हातात ठेवा म्हणतो. तापमानवाढ जेवढी कमी, तेवढा घसरण्याचा धोका कमी. म्हणजे प्रत्येक पायरीवर थांबण्याला अर्थ आहे.

आजचा संकल्प: कार्टमधली वस्तू ऑर्डर करण्याआधी एक माळ जप करा. त्यानंतरही गरज वाटली, तर खुशाल घ्या.

पण एकट्याच्या संयमाने ग्रीनलंड वाचणार नाही, हेही खरं. कोळसा आणि तेल जाळणं कमी व्हायचं तर निर्णय वरच्या पातळीवर व्हायला हवेत. म्हणून मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न विचारा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलरचा विषय काढा. फळाची चिंता न करता केलेलं हेही कर्मच आहे.

राम कृष्ण हरी!