सोपा खेळ म्हणजे कुणाला सोपा?

दौंडच्या आजोबांना मी पहिला व्हिडिओ गेम दाखवला तेव्हा त्यांनी तो मिनिटभर पाहिला आणि विचारलं, "ह्या पोराला अजून धरला कसा नाही?" खेळ होता सबवे सर्फर्स. २०१२ साली आलेला, जगभरच्या पोरांच्या हातात असलेला. भिंतीवर रंग फासणारं एक पोर रुळांवरून पळत सुटतं, मागे इन्स्पेक्टर आणि त्याचा कुत्रा. समोरून गाड्या येतात, पोर उड्या मारतं, डब्यांच्या टपावरून धावतं. आपण फक्त बोट सरकवायचं. याहून सोपं काय असणार, असा माझा हिशेब. त्या हिशेबात एवढंच राहून गेलं होतं, की आजोबांची सगळी नोकरी दौंड जंक्शनच्या केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात गेली. रूळ ओलांडताना न पोचलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. त्यांनी मोबाइल पालथा घातला. "लाइन क्लिअर नसताना दोन्हीकडनं गाड्या सोडल्यात," ते म्हणाले. "कुणी सोडल्या?"

दुसरी फजिती शिरूरच्या आज्जीकडे. दौंडहून पाटस, चौफुला, मग पारगावला भीमा ओलांडायची, न्हावरं मागे टाकायचं की आलं घोडनदीचं गाव. आज्जी शेतातली. म्हणून तिच्यासाठी शेतीचाच खेळ निवडला, हे डे, फिनलंडच्या कंपनीनं काढलेला. रंगीत, गोड, कुणी मरत नाही, कुणी हरत नाही. गहू पेरला आणि दोन मिनिटांत काढणीला आला. आज्जीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिकाकडे. "पाणी कवा दिलं?" द्यावं लागत नाही, मी म्हणालो. "वीज कवा असती तिथं?" तीही लागत नाही. विकायला ठेवल्यावर गिऱ्हाईक आपण होऊन दारात आलं, तेव्हा मात्र ती पदर तोंडाला लावून हसली ती हसतच राहिली. बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवून, भाव ऐकून रिकाम्या ट्रॉलीतून घरी येताना ज्या घरात कुणी बोलत नाही, त्या घरातली बाई ती. तिला तो खेळ कळला नाही असं नव्हे. तिला तो फार कळला.

या दोन फजितींनंतर मी जरा भानावर आलो. म्हाताऱ्या माणसांसाठी खेळ निवडताना आपण 'सोपा' हा शब्द किती सैल हातानं वापरतो! आपल्या डोक्यात सोपा म्हणजे कमी नियमांचा. नोकियाच्या फोनवर १९९७ मध्ये आलेला साप घ्या. नियम एका ओळीचा: खायचं, वाढायचं, स्वतःला आपटायचं नाही. किंवा मॉस्कोत १९८४ साली अलेक्सी पाजितनोव्हनं केलेला टेट्रिस. वरून पडणारे तुकडे नीट रचायचे, संपलं. पाच वर्षांच्या पोराला समजतात हे खेळ. पण साप थांबत नाही आणि तुकडा वाट बघत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची बुद्धी तिथे हरत नाही, हरतं ते बोट. डोळ्यानं पाहिलं, मनानं ठरवलं, आणि बोट निघेपर्यंत डाव आटोपलेला. मग ते माणूस म्हणतं, "आम्हाला नाही बाबा हे जमत," आणि आपण मान डोलावतो.

आता उलटं बघा. हीच आज्जी मेंढीकोट खेळायला बसली की बावन्न पानांतलं कुठलं पान पडून गेलं आणि कुठलं कुणाच्या हातात दडलंय हे तिला तोंडपाठ असतं. हुकूम कधी फोडायचा, भिडूला डोळ्यानं काय सांगायचं, समोरच्याची दहेली कशी ओढायची, हे सगळं नवख्याला शिकवायला बसलात तर आठवडा जाईल. नियमांच्या मापानं हा अवघड खेळ, आणि तिला तो लसूण सोलण्याइतका हातचा. म्हणजे सोपा खेळ तो, ज्याचे नियम आधीच अंगात मुरलेले आहेत आणि जो खेळणाऱ्याला विचार करू देतो. हे मला दोन माणसांची शोभा करून कळावं, याचा अजून राग येतो.

हाताचीही गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. मोबाइलच्या काचेला दाब कळत नाही. बोटाच्या कातडीमुळे तिच्यावरच्या विद्युतभारात जो फरक पडतो, तो तिला कळतो. कातडी कोरडी किंवा घट्टे पडलेली असली की काच बोटाला ओळखतच नाही. जन्मभर खुरपं धरलेल्या आज्जीच्या तर्जनीला ती ओळखत नव्हती. आज्जी कळ दाबावी तशी जोर लावून दाबायची, मग काचेला वाटायचं हिला काहीतरी वेगळंच हवंय, आणि भलतीच चौकट उघडायची. शेवटी तिनं तिचा उपाय तिनंच काढला. नोटा मोजताना लावतात तसं बोट जिभेला लावलं आणि टेकवलं. चाललं. रंगांचंही तसंच. वय वाढतं तशी डोळ्यातली भिंगं पिवळट होतात, निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळायला लागतात. आज्जी खेळात नेहमी लालच का मागते, याचं कारण मी बरेच दिवस देवीच्या कुंकवात शोधत होतो.

आणि जाहिराती. पत्त्यांचा एक फुकटचा खेळ मी तिला लावून दिला होता. त्याचं नाव घेत नाही. दर डावानंतर जाहिरात, आणि ती बंद करायची फुली कोपऱ्यात, मोहरीच्या दाण्याएवढी, तीही पाच-दहा सेकंदांनी उगवणारी. त्या खेळातला सगळ्यात अवघड डाव म्हणजे ती फुली. एकदा तिचं बोट घसरलं आणि पैसे लावून रमी खेळायचं दुकान उघडलं. इतके हजार जिंकलात, असं लिहून आलं. आज्जीला अक्षरं लागतात, पण व्यवहार तिच्या पद्धतीचा. कुणी न मागता पैसे देतो म्हणजे नंतर काहीतरी मागणार. दोन रात्री तिला झोप नव्हती. आपण कुणाचं तरी देणं लागतो, आणि ते पोराला कसं सांगायचं, या घोरात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून माझा नियम असा, की म्हाताऱ्या माणसाच्या हातात खेळ द्यायचा तो इंटरनेट बंद करून, नाहीतर चार पैसे मोजून जाहिराती काढून.

घरातली शिकलेली मंडळी एवढं ऐकून घेतात आणि मग हमखास विचारतात, "पण याचा मेंदूला फायदा असतो ना?" हा प्रश्न मला आवडत नाही. मेंदू तल्लख ठेवण्याच्या नावाखाली खेळ विकण्याचा धंदा मोठा आहे. ल्युमोसिटी हा असाच एक प्रसिद्ध कार्यक्रम. त्याच्या कंपनीनं विसरभोळेपणापासून बचावाची जी आश्वासनं दिली त्यांना पुरेसा आधार नाही, असं म्हणत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१६ मध्ये तिच्याकडून २० लाख डॉलर वसूल केले. पण फायदा असता तरी काय? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसानं खेळावं हेच कुणाला पटत नाही. हरिपाठ करावा, वाती वळाव्यात, नातवंडं सांभाळावीत. खेळायचं असेल तर ते औषध म्हणून. जपानमधल्या हामाको मोरी यांची २०२० साली, नव्वदीत, जगातल्या सर्वांत वयस्कर गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. त्या पन्नाशीच्या आसपास व्हिडिओ गेम खेळायला लागल्या, त्या आवडले म्हणून. आपल्याकडे वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. जुन्या देवळांच्या ओट्यांवर, फरशांवर कुणीतरी पट खोदून ठेवलेले सापडतात. कोजागिरीला सोंगट्या खेळत जागायचं, हाही जुनाच प्रघात. तिथे मेंदूच्या चालनेचा विषय कुणी काढला नव्हता.

आजोबांकडे परत जातो. कारण खरं उत्तर मला त्यांच्याकडे सापडलं, आणि तेही माझ्या हुशारीनं नाही.

केबिनमधलं काम काय असतं हे मला लहानपणी कधी नीट कळलं नव्हतं. ओळीनं उभे लोखंडी लिव्हर, आणि ते एकमेकांत असे अडकवलेले, की आधी सांधा योग्य बाजूला वळवून कुलूपबंद केल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलतच नाही. एका गाडीला वाट दिली की तिला आडवी जाणारी प्रत्येक वाट आपोआप जखडते. चूक करायला जागाच ठेवलेली नाही, पण कुठला लिव्हर कुठल्याच्या आधी, हा क्रम माणसानं डोक्यात ठेवायचा. त्यात दौंडची आणखी एक गंमत. पुण्याकडून येऊन मनमाडच्या बाजूला निघालेल्या गाडीला इथे तोंड फिरवावं लागे. इंजिन सोडायचं, शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला न्यायचं, पुन्हा जोडायचं, आणि हे सगळं चालू असताना बाकीच्या गाड्यांना वाट मोकळी ठेवायची. आता कॉर्ड लाइनवरून बऱ्याच गाड्या जंक्शनात न शिरताच वळतात. आजोबा हे सांगताना एखाद्या नातेवाइकानं दारावरून जाऊन घरात न डोकावल्यासारखं सांगतात.

तर एकदा माझा धाकटा भाऊ त्यांच्याशेजारी बसून मोबाइलवर एक कोडं सोडवत होता. सहा बाय सहा घरांची चौकट, तिच्यात आडव्या-उभ्या गाड्या कोंबलेल्या. प्रत्येक गाडी आपल्याच रेषेत पुढे-मागे सरकते, वळत नाही. बाकीच्यांना सरकवत सरकवत लाल गाडी बाहेर काढायची. याचं मूळ नोबुयुकी योशिगाहारा या जपानी कोडेकाराचं. रश अवर या नावानं ते १९९६ मध्ये खेळणं म्हणून बाजारात आलं, आता त्याच्या नकला ढिगानं मिळतात. घड्याळ नाही, गुण नाहीत, कुणी मागे लागलेलं नाही. आजोबांनी चष्मा पुसला. थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग भावाच्या खांद्यावरून बोट पुढे करून म्हणाले, "ती लांबडी आधी सायडिंगला घे. मग ही मागं. आता सोड तुझी लाल."

त्यांच्या दृष्टीनं ते शंटिंग होतं. त्यांनी मोबाइल मागून घेतला आणि जेवायला हाक मारली तरी दिला नाही.

आज त्यांच्याकडे स्वतःचा टॅब आहे. तो ते हातात धरत नाहीत. पाटावर सपाट ठेवतात, केबिनमधल्या रजिस्टरसारखा. एकेक कोडं अर्धा दिवस चालतं. घाई केली तर दौंडच्या आजीवर खेकसतात. सुटलं की मला फोन करतात, "आज अकरा शंटमध्ये काढली." खेळ त्याला हालचाली म्हणतो, ते शंट म्हणतात. कमीत कमी किती लागतील ते खेळ खाली लिहून दाखवतो. त्याचा आकडा नऊ होता म्हणून एकदा त्यांनी वाद घातला. नऊमध्ये निघते, पण एक गाडी बाहेरच्या तोंडाशी उभी राहते, आणि तशी ती ते कधीच उभी ठेवणार नाहीत.

हा खेळ मी त्यांच्यासाठी निवडला असता का? नसता. 'वृद्धांसाठी सोपे खेळ' अशा कुठल्या यादीतून तो माझ्या हाताला लागला असता, तर अवघड म्हणून मीच तो बाजूला ठेवला असता.

आज्जीचं अजून चाललंय. पत्ते तिला चौघांत लागतात, आणि चौघं आता जमत नाहीत. एक गेली, एक मुलीकडे पुण्याला, आमच्या घरातले रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीवर. एकटीनं लावायचा सॉलिटेअर तिनं दोन दिवस केला आणि सोडला. "पानं आपली, हरवायचं कुणाला?" शेवटी लुडो किंग लावला. नवी मुंबईत २०१६ साली तयार झालेला, २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत शिरलेला. पचिसीचा पट इंग्लंडात जाऊन १८९६ मध्ये लुडो झाला आणि आज्जीकडे फासा घेऊन परत आला. कवड्यांची सवय असल्यामुळे तिची तक्रार फाशाबद्दल. मुठीत खुळखुळवता येत नाही, दान मागता येत नाही, आणि मुख्य म्हणजे पडलेली कवडी करंगळीनं हळूच उलटवता येत नाही. मोबाइल कुणाला खोडी करू देत नाही. मला वाटलं, याच्यावर ती रुसणार.

गेल्या खेपेला एकच मोबाइल दोघांत ठेवून, आळीपाळीनं खेळत होतो. माझी एक सोंगटी घरापासून चार पावलांवर, मला फक्त चार हवेत. मी पाणी प्यायला उठलो. आलो तर माझं दान खेळून झालेलं. चारच पडले होते म्हणे. सोंगटी चालवली होती ती मात्र मागची, नेमकी तिच्या लाल सोंगटीच्या टप्प्यात. मी काही बोलायच्या आत तिनं बोट जिभेला लावलं आणि फाशावर टेकवलं.

"तुझी पाळी आली व्हती," ती म्हणाली. "म्हणलं, पोराचा डाव कशाला अडवायचा."