सावधपणा मैत्रीच्या आड येतो काय?



विहारात आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे, चौथे खोटे न बोलण्याचे. ही दोन्ही शीले आपण स्वतःच्या बाजूने घेतो. मी चोरी करणार नाही, मी खोटे बोलणार नाही. पण दुसराच माझी चोरी करायला, माझ्याशी खोटे बोलायला दारात आला तर मी काय करावे? सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री बाळगू पाहणाऱ्याने समोरच्या माणसावर संशय घ्यावा काय? हा प्रश्न मला ग्रंथात सापडलेला नाही. तो मी बारा हजार रुपये मोजून विकत घेतला आहे, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

माझ्या आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. त्यावर तिने वस्तीतल्या बायकांची पोलकी आणि पोरांच्या चड्ड्या शिवल्या आणि माझी कॉलेजची फी भरली. आता तिची नजर मंदावली, सुई ओवता येईना, म्हणून तिच्याच सांगण्यावरून ते विकायचे ठरले. जुन्या वस्तू विकण्याच्या एका वेबसाइटवर मी त्याचा फोटो टाकला आणि किंमत चार हजार लिहिली. फोटोत मशीनमागची भिंत आली आणि भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीरही आली.

अर्ध्या तासात फोन वाजला. पहिलाच शब्द, "जय भीम, सर!"

त्याने घासाघीस केली नाही. मशीन पाहायला येतो असेही म्हणाला नाही. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, बहिणीला मशीन द्यायचे आहे, उद्या टेम्पो पाठवतो, पैसे मात्र आत्ताच घ्या, असा त्याचा आग्रह. आधी खात्री म्हणून त्याने एक रुपया पाठवला, तो खरोखरच जमा झाला. मग एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, "हा स्कॅन करा, पिन टाका, चार हजार जमा होतील." मी पिन टाकला आणि माझेच चार हजार गेले. मी ओरडलो, तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा बोलू लागला. सर्व्हरची गडबड झाली, आठ हजारांचा कोड पाठवतो, त्यात तुमचे आणि माझे दोन्ही पैसे येतील, म्हणाला. मी तोही स्कॅन केला. वर्गात मुलांना प्रत्येक गोष्टीचे कारण विचारा असे शिकवणारा हा मास्तर!

आपण म्हणाल, इतके न कळण्याइतका मास्तर भोळा कसा? मी स्वतःला हाच प्रश्न पुष्कळदा विचारला. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, काही स्कॅनही करावे लागत नाही. पिन दाबायचा तो फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. हे मला माहीत होते, रोज दुकानात मी तेच करतो. मग माहिती असून उपयोग का झाला नाही? कारण त्या 'जय भीम'नंतर मी तपासणेच सोडून दिले.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकतो. कशावर विसंबून एखादी गोष्ट खरी मानू नये, याची जी यादी तिथे आहे, तिच्यात परंपरा आहे, ऐकीव गोष्ट आहे, ग्रंथही आहे. ही नावे आली की आपण टाळ्या वाजवतो, कारण तो मार दुसऱ्यांच्या पोथ्यांना बसतो. पण त्याच यादीच्या शेवटी आणखी दोन गोष्टी आहेत. बोलणारा भारदस्त दिसतो म्हणून मानू नका, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका. म्हणजे आपला माणूस आहे, एवढ्यावरही नाही. 'जय भीम' हे आपल्या स्वाभिमानाचे अभिवादन आहे, ते ऐकून ऊर भरून यावा हे योग्यच. पण ते व्यवहारातला जामीन कसे होईल?

मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेचे प्रकार दिले आहेत. त्यात ढोंग आहे, गोड बोलून भुलवणे आहे, आणि शेवटी एका लाभाच्या आमिषाने दुसरा लाभ ओढणे आहे. तो एक रुपया मला आठवला! मोबाइल नवा असेल, लबाडी मात्र तथागतांच्या काळाइतकी जुनी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ तथागतांना विचारतो की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आमचे याच जन्मी हित कशात? तथागत त्याला चार गोष्टी सांगतात. उद्योग, सन्मित्रांची संगत, बेताने खर्च, आणि आरक्खसंपदा, म्हणजे घाम गाळून, न्यायाने मिळवलेल्या धनाची राखण. चोरांनी ते नेऊ नये याची काळजी गृहस्थाने घ्यावी, असे त्यात स्पष्ट आहे. ज्यांनी मैत्री शिकवली त्यांनीच घराला कडी लावायला सांगितले. माझ्या कडी लावण्याने चोराचे काही अहित होत नाही. उलट, एक वाईट कर्म त्याच्या हातून घडायचे राहते. आईच्या घामाचे पैसे सैल हाताने जाऊ देणे याला करुणा म्हणता येणार नाही, तो आळस आहे.

म्हणून आता आमच्या घरी रीत अशी आहे. गिऱ्हाइकाने दिवसाउजेडी यावे, वस्तू पाहावी, चालवून पाहावी. पैसे रोख द्यावेत, किंवा खात्यात आलेले आम्ही आमच्या बँकेच्या ॲपमध्ये पाहावेत. त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस पुरावा मानायचा नाही. ओटीपी कुणाला नाही, कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये ॲप घालणे नाही. आणि जो घाई करतो त्याला, "उद्या बोलू."

फसल्यावर मी दुसरी चूक केली. दोन दिवस घरात बोललोच नाही. शिकलेला एकटा मी, वस्तीतली माणसे बँकेचे कागद माझ्याकडे घेऊन येतात, मग हे सांगायचे कुणाला? पत्नीने पगाराचे विचारले तेव्हा, अजून आला नाही, असे उत्तर दिले. म्हणजे पैसे दुसऱ्याने नेले आणि चौथे शील मी स्वतः मोडले! तिसऱ्या दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार केली. त्या क्रमांकावर ताबडतोब कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे तोवर काढून घेतले गेले होते. लोकांच्या तोंडी अजून 'चारसोबीस' आहे, पण १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. कलम कुठलेही असो, लाजेपायी तक्रारच केली नाही तर ते काय कामाचे?

बातमी फुटल्यावर एक नातेवाईक म्हणाले, मागच्या जन्मीचे देणे असेल, फिटले म्हणायचे. धम्म स्वीकारून वर्षे झालेल्या घरातही हे वाक्य अजून निघते! आपले आजचे दुःख पूर्वजन्मीच्या कर्माच्या माथी मारण्याला बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ठाम नकार दिला आहे. माझे पैसे माझ्या बोटाने, त्याच संध्याकाळी गेले. दुसरे एक म्हणाले, अमुक भागातली माणसे सगळी तसलीच. मी त्यांना गप्प केले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्यांच्या कपाळीचा डाग अजून पुसलेला नाही. निदान आपण तरी ती भाषा बोलू नये. आणि चोरीचा पैसा फिरतो तो पुष्कळदा गरीब पोरांनी महिन्याच्या भाड्याने दिलेल्या बँक खात्यांतून. आपल्या वस्तीतल्या बेकार पोरांनाही तशी विचारणा होऊ शकते. खाते देणारा त्या चोरीत भागीदार होतो, पोलीसही आधी त्याच्याच दारात येतात. हे आपण आपल्या मुलांना घरी बसवून सांगावे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायला मला सर्वांत जड जाते. त्या जाहिरातीत मी लिहिले होते, 'मशीन उत्तम स्थितीत'. जाड कापडावर ते टाका सोडते, हे मला ठाऊक होते. त्याने मला बारा हजारांना फसवले, मी कुणालातरी पाच-सातशेला फसवायला निघालो होतो. रक्कम लहान म्हणून दुसरे शील लहान होते काय?

पुढे मशीन शेजारच्या वस्तीतल्या एका बाईंनी नेले. त्या आल्या तेव्हा आई स्वतः उठली, जाड कापडाची घडी सुईखाली सरकवली आणि म्हणाली, "बघा बाई, इथे टाका सुटतो." बाईंनी चाक फिरवून पाहिले, पट्टा चाचपला, शटल काढून दिव्याकडे धरले. अडीच हजारांवर सौदा झाला. जाताना आईने तेलाची कुपी आणि उरलेल्या सुयाही त्यांच्या हातावर ठेवल्या.