विसाव्याचा हक्क

नोकरीतून निवृत्त होण्याचे वय किती असावे, हा वाद आपल्याकडे वारंवार निघतो. केंद्र सरकारने १९९८ साली आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले. राज्य कर्मचाऱ्यांनीही तीच मागणी लावून धरली. आयुर्मान वाढले आहे. साठीच्या शिक्षकाजवळ देण्यासारखे पुष्कळ असते. उलट, आपल्या जागा अडतात ही तरुणांची तक्रारही खोटी म्हणता येणार नाही. तथापि धाराशिव जिल्ह्यातून या वादाकडे पाहताना आम्हांस निराळाच प्रश्न पडतो : ज्याला निवृत्तीच नाही, त्याच्या वयाचा विचार कोणी करावयाचा?

कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतील कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरता भरता पुष्कळांची कंबर व गुडघे पन्नाशीतच साथ सोडतात. निराधार वृद्धांसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेचे वेतन मात्र पासष्टीनंतरचे. २०२३ साली ते दरमहा १५०० रुपये करण्यात आले. मधली पंधरा वर्षे त्या माणसाने कशी काढावीत? कचेरीतला कारकून आणि फडातला मजूर यांचे वार्धक्य एकाच आकड्याने मोजणे हा न्याय नव्हे.

वाळवंटातील प्रवासात निवासमंडपाचे सामान वाहणे हे लेव्यांचे काम होते. गणना ग्रंथाच्या आठव्या अध्यायात त्यांच्यासाठी नियम आहे : पन्नाशीला त्यांनी सेवेच्या कष्टांतून मोकळे व्हावे, पुढे मात्र आपल्या बांधवांना साहाय्य करीत राहावे. ओझे उतरते, माणसाचे स्थान उतरत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या आपल्या परिपत्रात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, असे शिकविले.

म्हणून आमचे मत असे, की ज्याचे काम शरीर झिजविणारे, त्याला विसावा व वेतन आधी मिळावे. ज्याच्या अंगी बळ आहे, त्याने नोकरी संपल्यावर सेवा संपली असे मानू नये. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आहेत, कारकून आहेत. थकलेल्या मजुराचा अर्ज भरून द्यावा, त्याच्याबरोबर तहसील कचेरीची पायरी चढावी. यासाठी कोणा तरुणाची जागा अडत नाही. आणि एकाच्या निवृत्तीतून दुसऱ्याला विसावा लाभतो.