नागसेनाचे दात

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला खोदून खोदून विचारतो: नागसेन म्हणजे कोण? केस? नखं? दात? भिक्षूचं उत्तर दरवेळी नाही. चाकं, आस, जू मिळून जसं ‘रथ’ हे नाव पडतं, तसंच माणसाचं, असं तो सांगतो. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, भागांहून वेगळी आणि खरी असते. न्यायसूत्रांतला त्यांचा एक युक्तिवाद रोखठोक आहे: एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते.

हिरड्यांचे डॉक्टर या वादात बहुधा नैयायिकांच्या बाजूला बसतील.

2021 साली ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. हिरड्यांचा तीव्र आजार असलेले 250 जण आणि तो नसलेले 250 जण, एरवी सगळे धडधाकट. वरचा रक्तदाब 140 किंवा त्याहून जास्त असणारे पहिल्या गटात 14 टक्के निघाले, दुसऱ्यात 7. एकामुळे दुसरं होतं हे यातून सिद्ध होत नाही. पण वाट अंधारी नाही: सुजलेल्या हिरडीतले जंतू आणि दाहाचे पदार्थ रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं आणि त्यांचं सैल होणं कमी होतं.

उलटी ओढही आहे. रक्तदाबासाठी अम्लोडिपीन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगतात, म्हणून जाणता दंतवैद्य आधी विचारतो, ‘बीपीची गोळी कोणती चालू आहे?’ कायद्याला मात्र अवयवी दिसत नाही. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यापासून भारतात दातांचं नियमन वेगळं आणि उरलेल्या देहाचं वेगळं.

नैयायिकांची बाजू घेऊन वाहवत जाण्याचाही धोका आहे. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांना वेडाचं मूळ दडलेल्या जंतुसंसर्गात दिसलं. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल, मग मोठ्या आतड्याचे भाग काढले. त्या शस्त्रक्रियांत अनेकांचा जीव गेला. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे एवढंच म्हणणारा माणूस कोणताही धागा मूळ समजून उपटू शकतो. तत्त्वज्ञानातली ही घाई इस्पितळात फार महाग पडते.

आणखी एक गोष्ट दोन्ही पक्षांना अडचणीत टाकते. पालक, बीट यांतलं नायट्रेट पोटातून रक्तात आणि लाळेवाटे पुन्हा तोंडात येतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळल्यावर पुढे नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. मानवी पेशींना त्यातली पहिली पायरी जवळजवळ जमत नाही. 2013 मध्ये 19 निरोगी स्वयंसेवकांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने चुळा भरल्या; रक्तदाब 2 ते 3.5 मिलिमीटरने चढला. हिरड्यांवरच्या उपचारात हेच औषध दंतवैद्य थोड्या दिवसांसाठी लिहून देतात, आणि तेव्हा ते लागतंही. पण हे जिवाणू कोणाचे अवयव? ते बाहेरून आलेले, गर्भात नव्हते, आणि तरी ते मेले की दाब चढतो. न्यायाच्या कसोटीने पाहिलं तर, ओढ लागते म्हणून, तेही अवयवीतच मोजावे लागतील. मग अवयवीची हद्द कातडीपाशी संपते असं म्हणायला आधार उरत नाही.